आधी गांधारपाले, मग बोधगया

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त हिरकणीवाडी येथे केलेले भाषण)

 

समितीने मला विषय दिला आहे 'जगातील ऐतिहासिक व पवित्र स्थळांच्या सहली'. विषय ऐकून मी म्हटलं, अहो, मी काही जग पाहिलेला माणूस नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरं शिकवली, निवृत्त झालो आणि एकदा बोधगयेला जाऊन आलो, एवढीच माझी शिदोरी. तर अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा." पंचाईत तिथेच झाली. कारण हा प्रश्न मला यापूर्वीही एकदा विचारला गेला होता आणि तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. ती फजितीच आधी सांगतो.

इथली आणि मुंबईची मिळून आम्ही काही मंडळी एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. दोष तिचा जेवढा, तेवढाच आमचा. पत्रकात स्थळांची भलीमोठी यादी छापलेली. जितकी स्थळं जास्त तितके पैसे वसूल, असा आमचा हिशोब. कुशीनगरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, दरवाजा बंद. बाहेरूनच हात जोडले. लुंबिनीला गाडीतून उतरलो, रांगेत चाललो, अशोकस्तंभापुढे उभं राहून फोटो काढला, तोवर शिट्टी वाजली, "चला, चला, उशीर होतोय." घरी आल्यावर तो फोटो सगळ्यांना दाखवला. नातू तेव्हा सहावीत होता. त्याने फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, या खांबावर काय लिहिलंय?"

मला सांगता येईना. एवढा खर्च केला, एवढा प्रवास केला, त्या खांबापासून दोन हातांवर उभा राहिलो, आणि खांबावर काय लिहिलंय हे माहीत नाही! मास्तर माणूस मी. खाली मान घातली.

मग पुस्तकं धुंडाळली. हा स्तंभलेख १८९६ साली उजेडात आला. त्यात सम्राट अशोक सांगतो की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर तो स्वतः इथे आला, कारण इथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला. म्हणून त्याने लुंबिनी गावाचा एक कर माफ केला आणि शेतीच्या उत्पन्नातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला. बंधू-भगिनींनो, यातली गंमत लक्षात घ्या. राजा यात्रेला आला आणि गावातल्या शेतकऱ्याचं ओझं हलकं करून गेला! आणि आम्ही त्याच गावी जाऊन काय केलं? फोटो काढून आलो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी फारच मनाला लावून घेतात. पण हिरकणीवाडीच्या माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको. आपण रोज प्रवासी बघतो. रोपवेचा पायथा आपल्याच वाडीत. लोक येतात, पाळण्यात बसतात, वर जातात, मेघडंबरीपुढे फोटो काढतात, हिरकणी बुरुजावरून खाली डोकावतात, "बाई, कशी उतरली असेल!" म्हणतात आणि खाली येऊन जेवायला काय आहे ते विचारतात. गड किती जणांनी पाहिला? आपल्यातल्या ज्या आया-बहिणी प्रवाशांना ताक-सरबत देतात त्यांना विचारा. ज्याने गड खरोखर पाहिला तो माणूस उतरल्यावर कसा गप्प असतो, हे त्या चेहऱ्यावरून ओळखतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला रायगड आहे. म्हणजे प्रवासी आणखी वाढणार. आपण त्यांना हसतो. आणि बोधगयेला गेलो की आपण तेच करतो!

मग कसं जावं? याचं उत्तर सम्राट अशोकानेच दिलेलं आहे. त्याच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. विहारयात्रा म्हणजे मौजेची सहल. शिकार आणि करमणूक. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय काय करायचं तेही लिहिलं आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यायची, त्यांना दान द्यायचं, वृद्धांची भेट घ्यायची, त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, धम्म सांगायचा आणि धम्माविषयी विचारपूस करायची. पाहा, यादीत माणसांना भेटणं आहे, विचारणं आहे. नुसतं बघून परत येणं नाही.

आणि हा आठवा लेख कोकणात कुठे सापडला, ठाऊक आहे? नालासोपाऱ्याला! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना या लेखाचा तुकडा तिथे मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. धम्मयात्रा म्हणजे काय ते सांगणारा दगड आपल्या कोकणातच होता. आपल्या कित्येक मुंबईकर मंडळींची घरं नालासोपारा-विरारकडे आहेत. त्यांतल्या किती जणांनी सोपाऱ्याचा स्तूप पाहिला आहे? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

दुसरं असं की, आपल्या माणसांना स्थळ पाहायला मिळणं ही गोष्ट सहज झालेली नाही. नव्या पिढीने हे ध्यानात ठेवावं. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून दरवाजाजवळच्या छोट्या हौदावर तोंड धुतलं. झालं! "आमचं पाणी बाटवलं" म्हणून लोक धावून आले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि नजर ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, आणि किल्ला पाहायचा तर मागे शिपाई! आज आपण तिकीट काढतो आणि ताठ मानेने आत जातो. हे तिकीट आपल्याला केवढ्याला पडलं आहे, याची जाण ठेवून आत पाऊल टाकावं.

बाबासाहेबांची दुसरी सहल तर आपल्या अंगणातली. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषद झाली, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले आणि रायगडही पाहून आले. लेण्यांतल्या दगडी आसनांवर कुणी बसू नये, तिथे भिक्खू बसत असत, असं त्यांनी बरोबरच्या मंडळींना सांगितलं. हे साल लक्षात घ्या. धम्मदीक्षा १९५६ ची. तिला अजून जवळजवळ २९ वर्षं अवकाश होता. पण त्या दगडांचा मान राखायचा, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळत होतं.

महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारपाल्याच्या डोंगरात ही लेणी आहेत. खालून गांधारी नदी वाहते, ती आपल्याच रायगडच्या डोंगरांतून आलेली. लेणी तीसेक असतील. साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. आपण येता-जाता एस.टी.च्या खिडकीतून बघतो आणि म्हणतो, "ती बघ पांडवलेणी." पांडवांचा इथे काय संबंध? तिथल्या शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव चक्क कोरलेलं आहे. कानभोअ वेण्हुपालित नावाच्या राजकुमाराने लेणं दिलं, चैत्यगृह दिलं, भिक्खूंना राहायला आठ खोल्या दिल्या, दोन बाजूंना पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी दिली, आणि तिथवर यायची वाटही दिली.

पाणी आणि वाट! मी पहिल्यांदा हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. ज्या डोंगरात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी पाणी आणि वाट दान म्हणून दिली गेली, त्याच्यापासून दोन-तीन किलोमीटरवर चवदार तळं आहे. तिथे २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. पोराला चवदार तळं दाखवलं आणि गांधारपाल्याची पोढी दाखवली नाही, तर त्याला निम्मीच गोष्ट सांगितली असं होईल. त्याला वाटेल, आपला इतिहास फक्त नाकारलेल्या पाण्याचा. दिलेल्या पाण्याचाही इतिहास आहे, आणि तोही याच मातीतला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की क्रम लावा. पाऊस उघडला की आधी महाड: चवदार तळं, क्रांतिस्तंभ, मग गांधारपाले आणि सावित्रीकाठची कोलची लेणी. ज्याला बोधगया परवडत नाही, त्यालाही हे परवडतं. मग जिल्ह्यातली कुड्याची लेणी. तिथे दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहेत; आपल्यासारखी कष्टाची माणसं! मग सोपारा, कान्हेरी, कार्ले-भाजे, वेरूळ-अजिंठा. आणि मग लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर. ही चार स्थळं श्रद्धावंतांनी पाहावीत, असं तथागतांनी आनंदाला सांगितलंच आहे. पुढे ज्याला जमेल त्याने श्रीलंकेत अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहावा, जाव्यात बोरोबुदूर पाहावं. जाऊ नका असं मी म्हणत नाही. तयारी करून जा असं म्हणतो. इथला दगड वाचायला शिकलेला माणूस तिथे जाऊन रिकामा परत येणार नाही.

जाताना काही पथ्यं पाळा. निघण्याआधी एका पौर्णिमेला विहारात बसून त्या स्थळाची माहिती वाचा. दिवसाला दोनच स्थळं करा. म्हाताऱ्यांच्या चालीने चाला. लेण्यात मेणबत्त्या-अगरबत्त्या लावू नका. काजळीने कोरीव काम काळं पडतं. भिंतीवर नाव लिहू नका. बोरोबुदूरला पायऱ्या झिजू नयेत म्हणून प्रवाशांना खास चपला घालायला देतात. आपण निदान आसनावर बसून डबा खाऊ नये. स्थानिक माणसाशी बोला, त्याच्याकडे जेवा, त्याला चार पैसे मिळू द्या. अशोकाने गावाचा कर माफ केला, आपण निदान कचरा तरी टाकून येऊ नये.

शेवटची विनंती तरुणांना. आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी आपली मुलं-मुली धम्मलिपी शिकत आहेत, लेण्यांवर जाऊन शिलालेख वाचत आहेत. आपल्या वाडीतून निदान चार जणांनी ही लिपी शिकावी. रायगड पाहायला जग आपल्या दारात येतं. "उद्या सकाळी गांधारपाले दाखवतो, तिथलं अक्षर वाचून दाखवतो" असं म्हणणारा पोरगा किंवा पोरगी इथे असेल, तर प्रवासी एक मुक्काम वाढवील आणि आपल्या पोरांच्या हातालाही काम मिळेल.

आणि समितीला एक विनंती. पुढच्या वर्धापन दिनी भाषणाला मला बोलावू नका. समोर बसलेल्या या मुलांना गांधारपाल्याला नेऊन आणा, प्रत्येकाच्या हाती वही द्या, आणि पुढच्या वर्षी याच जागी त्यांना उभं करून विचारा, "काय पाहिलंत?" माझी फजिती झाली, त्यांची होणार नाही.