पुण्यातला मुक्काम आणि तांब्याभर पाणी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



आम्ही चौथी शिकलेलो. आयुष्यभर शेती केली आणि माउलींच्या कृपेनं कीर्तनात चार शब्द बोलायला शिकलो. कमिटीनं सांगितलं, महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, एखादी जुनी आठवण सांगा. आमच्याकडं मोठी आठवण काही नाही. पुण्यातल्या एका दिवसाची आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील तिला. आजवर कीर्तनात कधी सांगितली नाही, धीर झाला नाही. आज सांगतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, आळंदीहून निघाल्यावर माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामी असते. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मधल्या दिवशी चाल नसते. कोणी धोतरं धुतं, कोणी तुटकी चप्पल शिवून घेतं. पुण्यातली माणसं रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांची दाढी करून देतात, पाय चेपून देतात, पैसा घेत नाहीत. आमची दिंडी त्या साली एका शाळेत उतरली होती.

सकाळी काकडा झाला, चहा झाला. दिंडीतला एक पोरगा म्हणाला, "महाराज, दरसाल पुण्यात येतो अन् शाळेच्या भिंती बघून जातो. चला की आज पुणं बघू." ठरवलं-बिरवलं काही नव्हतं. आम्ही, आमचं कुटुंब आणि दोन पोरं असे उठलो. दारात बाबा बसले होते. बाबा म्हणजे आपल्याच गावचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांपासून घरात वारी. आवाज असा, की बाबांनी चाल उचलली की पार मागचा टाळकरी ताठ व्हायचा. म्हटलं, "बाबा, येता का?" म्हणाले, "चला, जरा पाय मोकळे करू." आळंदीपासून चालत आलेला माणूस पाय मोकळे करायला निघाला! आम्ही सगळे हसलो.

आधी शनिवारवाडा बघितला. केवढा तो दरवाजा, त्याला हत्ती अडवायचे खिळे. आत मात्र नुसते चौथरे. १८२८ सालच्या आगीत वाडा जळाला. पेशव्यांची सत्ता गेली, वाडाही गेला. आम्हाला वाटलं, हे बरं आहे, कीर्तनात वैराग्याला दृष्टांत सापडला. कीर्तनकाराची खोडच ही, जिथं जाईल तिथं दुसऱ्याला सांगायला काहीतरी शोधतो.

मग दगडूशेठचा गणपती केला. मंडईत गेलो. आठ कोनांची ती दगडी इमारत बघत पोरं उभी राहिली आणि आम्ही कोथिंबिरीचा भाव विचारत उभे राहिलो. शेतकऱ्याला दुसरं काय दिसणार! तुळशीबागेत रामाचं दर्शन घेतलं. तिथं कुटुंबानं एक पितळी तांब्या घेतला, घासाघीस करून. बाहेर पडलो तेव्हा पावसानं गाठलं. भवानी पेठेकडं परतायचं तर गल्लीत गल्ली, बोळात बोळ. रस्ता चुकलो. विचारत विचारत गंज पेठेत आलो, तर समोर एक जुना, बसका वाडा. पाऊस चुकवायला म्हणून आत शिरलो.

तो जोतीराव फुल्यांचा वाडा निघाला. आम्हाला फुले माहीत होते ते पोरांच्या पुस्तकातल्या चित्रापुरते. आत त्यांची समाधी आहे, तुळशीवृंदावन आहे. तुळस दिसली की वारकऱ्याचा हात आपोआप जोडतो, तसा जोडला. मागं विहीर आहे. तिथं एक गृहस्थ आपल्या नातीला सांगत होते, की १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना खुलं केलं. ज्यांना गावात पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांनी इथं यावं आणि आपल्या हातानं पाणी घ्यावं. बाबा कठड्याला हात लावून ऐकत राहिले. काही बोलले नाहीत.

तेवढ्यात कुटुंबानं नळावर तो नवा तांब्या भरून आणला. मोठे म्हणून पहिल्यांदा बाबांना दिला. मंडळी, बाबांनी तांब्या हातात घेतला नाही. खाली वाकले आणि ओंजळ पुढं केली. ती बिचारी गोंधळली आणि तिनं ओंजळीत पाणी ओतलं.

ती ओंजळ बघितली आणि आमच्या अंगातनं पाणी गेलं. ती ओंजळ आमच्या ओळखीची होती.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना आजोबांबरोबर पहिल्यांदा वारीला गेलो. आपल्या दिंडीत तेव्हा पंगत सगळ्यांची उठली की बाबांच्या वस्तीतली चार-पाच माणसं लांब बसायची. हंड्याला त्यांनी हात लावायचा नाही. त्यांना पाणी वरून ओतायचं काम आजोबांनी आम्हाला दिलं होतं. आम्हाला मोठी मौज वाटायची.

आम्ही म्हटलं, "बाबा, तुम्हाला आठवतं?"

बाबा म्हणाले, "महाराज, तुम्ही लहान होता. तुमचा हात उंच जाईना, तांब्या ओंजळीला लागायचा. म्हणून तुम्हाला दगडावर उभं करायचे."

दगडाचं आम्ही विसरलो होतो. ज्याच्या वाट्याला ओंजळ आली, तो विसरला नव्हता. आणि सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

मंडळी, साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडलं. त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. देवाचं दार उघडलं, आपल्या दिंडीतला तांब्या मात्र वरच होता. चोखोबारायांचं चरित्र आम्ही किती गावांत सांगितलं! मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडली, नामदेवरायांनी अस्थी वेचल्या, त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, महाद्वारात नामदेव पायरीसमोर समाधी झाली. ऐकणारे रडायचे, आम्हीही रडायचो. आणि आमच्याच टाळकऱ्याची ओंजळ आम्हाला चाळीस वर्षं दिसली नाही.

आम्ही तांब्या परत भरला आणि बाबांच्या हातात दिला. ते थोडं पाणी प्यायले आणि तांब्या आमच्याकडं दिला. त्याच तांब्यातलं पाणी आम्ही प्यालो. मग पर्वती नको, सारसबाग नको, सरळ भवानी पेठेत आलो, बारीला लागून माउलींचं दर्शन घेतलं. काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

रात्री शाळेत पंगत बसायच्या आधी आम्ही उभं राहून झालेली सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, "बाबा, उद्या दिवे घाटात वीणा तुम्ही घ्या." बाबा म्हणाले, "वीणेचा मान मोठा, तो पुढं बघू. मला आज पंगतीत पाणी वाढू द्या." तोवर आपल्या दिंडीत कोणी तसा नियम बोलून दाखवत नव्हतं, पण बाबांच्या वस्तीतलं कोणी पाणी वाढतही नव्हतं. तंबू ठोकायचे, सरपण आणायचे, पाण्याला मात्र हात नाही.

त्या दशमीच्या रात्री बाबांनी सगळ्या दिंडीला पाणी वाढलं. दोन म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या पिशवीतली बाटली काढली. त्यातल्या एकानं सासवडला द्वादशीच्या पारण्याला बाबांपुढं पेला धरला. दुसऱ्यानं शेवटपर्यंत धरला नाही. त्याला नावं ठेवायला आम्ही उभे नाही. तांब्या वर धरणारा हात आमचाच होता.

बाबा पुढं दोन वर्षं वीणा घेऊन चालले, मग वैकुंठवासी झाले. त्यांचा नातू आज आपला पखवाज वाजवतो, तो इथंच बसला आहे.

आम्ही त्या दिवशी शहर बघायला निघालो आणि स्वतःला बघून आलो. कमिटीला एकच विनंती. शताब्दी ग्रंथात कोणी तंबू दिले, कोणी टाळ दिले, कोणी अन्नदान केलं, ते सगळं जरूर लिहा. पण त्या दगडाचंही लिहा. पुढच्या शंभर वर्षांत कोणा लेकराला आपण पुन्हा त्याच्यावर उभं करू नये म्हणून लिहा. आणि पुण्यात मुक्काम असेल तेव्हा गंज पेठेत जाऊन या, पालखी विठोबापासून लांब नाही.