भीतीचा झटका ओसरल्यानंतर

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. तरीही आज एका दुखण्याविषयी बोलणार आहे. ते मी स्वतः भोगले आहे आणि त्याच्यापायी एका मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ आली होती.

काही वर्षांपूर्वी पूर्वपरीक्षेच्या वेळी मी वरच्या मजल्यावरील सभागृहात पर्यवेक्षण करीत होतो. एकाएकी छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, घाम फुटला, श्वास पुरेना. आपण आता मरणार, अशी खात्रीच झाली. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तेथे पोहोचेपर्यंत निम्मे ओसरलेही होते. ईसीजी काढला, रक्त तपासले. हृदय ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हा भीतीचा झटका, पॅनिक अटॅक."

हृदय चांगले आहे हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला मात्र लाज वाटली. घरी अम्मीला सांगितले, "पित्त झाले होते."

पुढे मी या विषयावर वाचले. समोर वाघ आला तर मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन नावाचा स्राव रक्तात सोडतात. नाडी जलद होते, स्नायू ताठ होतात. माणूस लढायला किंवा पळायला सज्ज होतो. झटक्यात वाघ नसतो, पण तयारी मात्र पूर्ण होते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मुंग्या आणि चक्कर येते. झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो.

पण दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. दुसऱ्या दिवशी माझे अंग रस्सीखेच खेळल्यासारखे दुखत होते. छातीचे स्नायू आखडले होते, डोके जड झाले होते. हा नवा आजार नव्हे; शरीराने केलेल्या श्रमांचा तो थकवा असतो. भरपूर पाणी, वेळेवर साधे जेवण, पुरेशी झोप, चहा कमी आणि संध्याकाळी थोडे चालणे, एवढ्याने दोन-तीन दिवसांत अंग मोकळे झाले.

मन मात्र मोकळे होईना. दर तासाला मी नाडी मोजू लागलो. गुडघे दुखतात अशी सबब सांगून वरच्या मजल्यावरची पाळी बदलून घेऊ लागलो. पाळी टळली की हायसे वाटे, पण सभागृहाची भीती आणखी वाढे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हाच. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी 1962 साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्या स्वतः या त्रासातून गेल्या होत्या. भीतीशी झुंजू नका, तिच्यापासून पळूही नका. ती येऊ द्या आणि जाऊ द्या, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश. मला ते पटले, पण जिना चढण्याचे धैर्य झाले नाही.

पुढील वर्षी त्याच सभागृहात दहावीच्या एका मुलीला असाच झटका आला. डॉक्टरांनी तपासून धोका नाही असे सांगितले, तरी तिचे वडील दाखला मागायला आले. म्हणाले, "सर, पोर नाजूक आहे. जिवापेक्षा शाळा मोठी नाही." त्यांचे काय चुकले? मी स्वतः वर्षभर तेच करीत होतो. त्या दिवशी मी प्रथमच माझी हकीकत बोललो. पित्त नव्हते, गुडघेही दुखत नव्हते, हे सर्वांसमोर कबूल केले. मुलगी डोळे विस्फारून म्हणाली, "सर, तुम्हालासुद्धा?"

आम्ही दोघांनी एकत्र सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिच्या मैत्रिणीला सोबत घेऊन रिकाम्या सभागृहात दहा मिनिटे नुसते बसलो. छाती धडधडली, उठलो नाही, धडधड आपोआप उतरली. मग अर्ध्या तासाची प्रश्नपत्रिका, मग पूर्ण तीन तास. मार्चमध्ये गणिताच्या पेपरला तिला पुन्हा तसे वाटू लागले. तिने लेखणी खाली ठेवली, श्वास सावकाश सोडला आणि पुढचे गणित घेतले. तिने सर्व पेपर दिले. गुण किती मिळाले हे मी मुद्दामच सांगत नाही. माझ्या लेखी ती तेव्हाच उत्तीर्ण झाली होती.

पालकांनो, एवढे ध्यानात ठेवा. छातीत प्रथमच असे दुखले तर घरी निदान करू नका, तत्काळ डॉक्टरांकडे जा. झटका आलेल्या मुलाभोवती गर्दी करू नका, कांदा हुंगवू नका, तोंडाला कागदी पिशवी लावू नका. "नाटक करतोस" असे तर कधीच म्हणू नका. शेजारी बसा, "हे उतरेल, मी येथेच आहे" असे सांगा आणि श्वास लांबवून सोडायला लावा. दोन दिवस विश्रांती द्या, पण विश्रांतीच्या नावाखाली शाळा सोडवू नका. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. यावर समुपदेशनाचे आणि औषधांचे चांगले उपचार आहेत. शासनाने 2022 साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

त्या सभागृहात आजही मी पर्यवेक्षण करतो. कधीकधी छाती धडधडते. मी तिला धडधडू देतो आणि बाकांमधून फिरत राहतो. अम्मीलाही मग खरे सांगितले. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळले होते. तू बोलशील म्हणून वाट पाहत होते."

आपल्या घरातही कोणी असे न बोलता बसले असेल, तर आपण आधी विचारा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.