पारावरची जागा

गावोगावहून येऊन आता आमचेच झालेल्या ज्येष्ठ बंधू-भगिनींनो,

या संमेलनाच्या स्वागत समितीच्या आणि माण गावच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत!

जिथे आम्ही भात लावायचो, तिथे आज आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. मुलं नोकरीला आली, त्यांनी घरं घेतली आणि नातवंडं सांभाळायला लातूर, जळगाव, सोलापूरहून आईवडील आले. गावाकडे दार उघडलं की ओळखीचं माणूस दिसायचं. इथे बाराव्या मजल्यावर दार उघडलं की समोर दुसरं बंद दार.

हा एकटेपणा शरीरालाही बाधतो. १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती २०१० साली एकत्र तपासली गेली. ज्यांचा गोतावळा घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

आमच्या सोसायटीतल्या एका आजींच्या शेतकामाने झिजलेल्या बोटांना फोनचा पडदा दाद देईना. अक्षरं जुळवणं तर दूरच. नातीने त्यांना माइकचं चिन्ह दाखवलं. "दाबून धर आजी, बोलून झालं की सोड." आजी सोसायटीच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलल्या, "म्या सकाळी सातला खाली बाकावर बसते. कुनाला यायचं आसंल तर या." दुसऱ्या दिवशी तिघीजणी आल्या. आता त्या रोज फेरी मारतात. एखादी दिसली नाही, तर दुसरी तिच्या दारात जाते.

फोनचं काम इतकंच: माणसाला बाकापर्यंत आणणं. दिवसभर पडदा सरकवत बसलो, तर एकटेपणा तसाच राहतो.

सावधही राहू या. फोनवरून कुणी अटकेची भीती घातली, तर लक्षात ठेवा, 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा. मदत हवी असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तरुणांनो, आईच्या हातातून फोन घेऊन काम उरकू नका. फोन तिच्याच हातात राहू द्या आणि चौथ्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगा.

आणि ज्येष्ठांनो, निघण्यापूर्वी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा नंबर घ्या. उद्या सकाळी त्यांना फोन करून एवढंच विचारा, "खाली येताय ना?"

या गावात आपलं पुन्हा एकदा स्वागत.