इलियमचा अर्धा मार्क



मी संगणकावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी आतड्यांवर बोलणार आहे. जेवण अजून व्हायचंय, ठाऊक आहे मला, तरीही.

दहावीत पचनसंस्थेच्या आकृतीत मी जेजुनम आणि इलियम ही नावं उलटी लिहिली होती आणि विज्ञानाच्या बाईंनी अर्धा मार्क कापला होता. एकाच नळीचे दोन भाग, काय फरक पडतो, असं मी घरी जाऊन म्हटलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी आतड्याच्या क्षयामुळे माझं ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा शेवटचा, म्हणजे इलियमचाच, सुमारे अडीच फूट भाग काढावा लागला. औषधांनी क्षय बरा झाला, वजन वाढलं, मी सगळं विसरले. चार वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या. मीटिंगमध्ये साधे शब्द आठवेनात. अंधारात चालताना तोल जाई. चाळिशी आली, दिवसभर खुर्चीत बसायचं काम, असं म्हणत मी आठ महिने काढले. शेवटी रक्त तपासलं, तर बी-१२ जवळजवळ संपलेलं.

जठरात अन्नाचा लगदा होतो, पण पचनाचं मोठं काम आणि शोषण लहान आतड्यातच चालतं. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो. लाळ, जठररस, पित्त वगैरे धरून आतड्यात उतरतं सुमारे ९ लिटर, आणि बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत आत ओढलं जातं. बाई, ते टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ मात्र आता खोडायला हवं. २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी पुन्हा हिशेब केला. अख्ख्या पचनमार्गाचं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. बॅडमिंटनचं अर्धं कोर्टसुद्धा नाही!

आतड्याचा एक भाग गेला तर बऱ्याच पोषकद्रव्यांचं काम दुसरा भाग सांभाळून घेतो. बी-१२ चं तसं नाही. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून ते सगळं लहान आतडं पार करतं आणि इलियमच्या शेवटीच उतरतं. माझं ते स्टेशनच काढून टाकलेलं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कळायला इतका वेळ लागला. ऑपरेशननंतरच्या कागदावर ‘बी-१२ तपासत राहा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ती फाईल मीच कपाटात ठेवून दिली होती.

आता दर महिन्याला इंजेक्शन घेते. शब्द परत आले, तोलही सावरला. डाव्या पायाचा अंगठा बधिर राहिलाय, तो बहुधा तसाच राहील.

तुमच्यापैकी जे मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतात, ज्यांचं जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालंय, किंवा जे शाकाहारी असून दूधही घेत नाहीत, त्यांनी बी-१२ तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. आणि पायांना मुंग्या कुणाकुणाला येतात, ते मला जेवताना सांगा.