आंकड्यांचीं चित्रें



आंकडे म्हटले कीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. परंतु त्याच आंकड्यांस रेषा व रंग दिले, म्हणजे कोष्टकांचीं दहा पानें चाळून जें उमगत नाहीं तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. ही विद्या कशी वाढली आणि आज आपणांस तिची जाण कां हवी, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इ. स. १७८६ मध्यें विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापून प्रसिद्ध केले. वर्तुळाचे भाग पाडून हिस्से दाखविण्याची युक्तिहि त्यानें १८०१ मध्यें योजिली. पण या चित्रांचें खरें सामर्थ्य प्रगट झालें तें मृत्यूच्या हिशेबांत. १८५४ मध्यें लंडनच्या सोहो भागांत पटकीनें कहर केला. डॉ. जॉन स्नो यांनीं नकाशा घेऊन, ज्या ज्या घरीं माणूस दगावलें होतें तेथें एकेका मृत्यूची एकेक काळी रेघ मांडिली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं दिसून आली. दूषित हवेनें पटकी पसरते, असें त्या काळीं बहुतेक वैद्य मानीत. पाण्याकडे बोट दाखविणाऱ्या स्नो यांस हा नकाशा बळकट साक्षीदार मिळाला.

१८५८ मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं क्रिमियन युद्धांतील मृत्यूंचें चक्राकार चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत जखमांनीं मेलेल्यांचा भाग लहान, आणि टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेल्यांचा कितीतरी मोठा! शत्रूपेक्षां रोगराईनेंच अधिक शिपाई मारिले, हें राज्यकर्त्यांस डोळ्यांनीं पाहावें लागलें.

आज हें काम संगणक करितो. १९८५ मध्यें निघालेल्या एक्सेलनें आलेख कारकुनाच्याहि हातीं दिला. पुढें टॅब्लो आलें. २०११ मधील डी-थ्रीमुळें संगणकाच्या पडद्यावर हलतीं चित्रें काढणें सोपें झालें. मात्र साधन सुलभ झालें, तशी फसगतहि सुलभ झाली. समजा, एका शाळेचा निकाल शेंकडा ९६ व दुसरीचा ९८ आहे. मोजपट्टी शून्यापासून धरली तर दोन्ही स्तंभ बहुतेक सारखे दिसतात. तीच ९५ पासून धरली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच होतो. यांत आंकडा एकहि खोटा नाहीं, तरी पाहणारा फसतो! २०२० मध्यें कोरोनाच्या साथींत कांहीं आलेखांवर समान अंतर म्हणजे दसपट वाढ होती. तें न जाणणारास साथीचा चढ सौम्य भासे.

म्हणून माझें सांगणें इतकेंच, कीं चित्र पाहतांच विश्वास ठेवूं नये. मोजपट्टी कोठून सुरू होते, एका घराचें मोल किती, आणि मोजणी कोणीं व केव्हां केली, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. मुलांस आपण अक्षरें वाचावयास शिकवितों, तसे आलेखहि वाचावयास शिकवावे. स्नो यांच्या नकाशावरील प्रत्येक रेघ म्हणजे कोणाच्या तरी घरचें माणूस होतें, हेंहि त्यांस अवश्य सांगावें.