बंदुकीचे खेळ आणि विलायती सँडविच



आजच्या भाषणाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहीजण चमकले असतील. पडद्यावरचा बंदुकीचा खेळ कुठे आणि पावाचे सँडविच कुठे! पण या दोहोंचा संबंध आहे, आणि तो अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीतून निघतो. खेळ तर मोबाईलच्या वाटेने आता आपल्या माजघरापर्यंत आला आहे. तेव्हा मास्तरांनी आणि आईबापांनी ही हकीकत ऐकून ठेवावी, एवढीच विनंती.

आधी सँडविच. इंग्लंडात केंट परगण्यात सँडविच नावाचे एक जुने गाव आहे. त्या गावाच्या नावाने एक सरदारकी चालत आली. तिचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू हे १७१८ ते १७९२ या काळात होऊन गेले. ग्रोस्ले नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७६५ साली लंडनला गेला होता. त्याने १७७० साली छापलेल्या पुस्तकात लिहिले की, एक मंत्रीमहाशय जुगाराच्या मेजावर चोवीस तास बसले. उठायला नको म्हणून भाजलेल्या पावाच्या दोन कापांत मांस घालून तेवढेच खात राहिले आणि खेळत राहिले. त्यांचेच नाव या पदार्थाला पडले. अर्लचे चरित्रकार निकोलस रॉजर यांना मात्र हे पटत नाही. अर्ल आरमाराचे मोठे अधिकारी होते, तेव्हा ते कामाच्या मेजावर बसून असे खात असावेत, हे त्यांना अधिक संभवनीय वाटते. खरे काहीही असो. लोकांनी गोष्ट लक्षात ठेवली ती जुगाराची. खेळ सुटेना, म्हणून जेवणच खेळाच्या हातात आले, हे तिचे मर्म आहे.

आता हा पदार्थ वाईट आहे काय? मुळीच नाही. जुन्या पद्धतीचे विलायती सँडविच म्हणजे साधेपणाचा नमुना. काकडीचे घ्या. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून पाणी सुटू देतात, ते निपटून टाकतात आणि पावाच्या कापांना थेट कडेपर्यंत लोणी लावतात. लोणी केवळ चवीसाठी नव्हे, बरं का! शेताला बांध घालावा तसे ते काम करते. काकडीचे पाणी पावात झिरपू देत नाही. दुसरे चेडर चीज आणि आंबटगोड लोणच्याचे. तिकडे नावाजलेले ब्रॅन्स्टन लोणचे १९२२ सालापासून बनते. तिसरे तळलेल्या बटाट्यांचे, त्याला 'चिप बटी' म्हणतात. आपल्या वडापावाला ते परके वाटणार नाही. माझे मत विचाराल तर यांत एक शिस्त आहे. दोन काप, लोणी, आत एखाददुसरा जिन्नस आणि बस्स. पाच प्रकारचे रस ओतून जो ढीग करतात, त्याला सँडविच म्हणावे की नाही, याचा मला संशय आहे.

अशीच शिस्त बंदुकीच्या खेळांतही असते, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. या खेळांत ढोबळ मानाने दोन जाती आहेत. एक सैल. तीत गोळी लागली तरी क्षणभर भिंतीआड दडले की जखम आपोआप भरते. मेला तर लगेच पुन्हा जिवंत. दुसरी जात कडक. इंग्रजीत तिला 'हार्डकोर' म्हणतात. तीत एकदोन गोळ्यांत खेळ खलास. १९९९ साली निघालेला काउंटर-स्ट्राइक हा खेळ पाहा. त्यात मेलेला गडी फेरी संपेपर्यंत बाहेर बसतो. आपल्या खो-खोत बाद झालेला गडी बसतो ना, अगदी तसा.

खुद्द इंग्लंडातला दाखला देतो. लेस्टरशायरमधील ट्वायक्रॉस या खेड्यात रेअर नावाच्या कंपनीने १९९७ साली 'गोल्डनआय' हा खेळ तयार केला. जेम्स बाँड या गुप्तहेराच्या चित्रपटावर तो बेतलेला होता. एका टीव्हीच्या पडद्याचे चार भाग करून चार मुले शेजारी बसून तो खेळत. त्यात एक प्रकार असा की एका गोळीत माणूस गारद. शिवाय निरपराध माणसे मारली तर कामगिरी फसली असे धरत. हा खेळ करणाऱ्यांचे प्रमुख मार्टिन हॉलिस यांनी एक आठवण सांगितली आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीतले मियामोतो यांनी त्यांना सुचवले होते की, खेळात मारामारी फार आहे. शेवटी नायकाने इस्पितळात जाऊन सगळ्या शत्रूंशी हस्तांदोलन करावे! तसे काही झाले नाही. पण शेवटी सिनेमासारखी पात्रांची ओळख दिली गेली. म्हणजे मुलाला कळावे की हे सोंग आहे; नाटकात मेलेला नट पडदा पडल्यावर उठून चहा पितोच.

आता तुम्ही म्हणाल, "ते सगळं खरं, पण बंदूक बघून पोरं बिघडतात त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांची पाहणी करून २०१९ साली निष्कर्ष छापला. हिंसक खेळ खेळणे आणि मुलांची आक्रमक वागणूक यांत त्यांना संबंध आढळला नाही. एका पाहणीने वाद मिटत नाही, हे खरे. पण बंदूक दिसली की मूल गुंड होणार, असे धरून चालू नये. त्याच २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतले. त्याची लक्षणे कोणती? खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे. पाहा, या लक्षणांत बंदुकीचे नाव नाही. चोवीस तास मेजावर बसलेला तो मंत्री मात्र त्यांत बरोबर बसतो.

म्हणून माझे म्हणणे असे : खेळ किती कडक आहे हा दुय्यम प्रश्न. तो उठू देतो की नाही, हा मुख्य. कडक खेळात डाव संपतो, हा गुण आहे. पण दुसरा डाव बोटाच्या अंतरावर असतो, हा धोका. आपल्याकडे भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने. २०२१ साली त्याच धर्तीचा खेळ दुसऱ्या नावाने आला, मध्यंतरी बंद झाला आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाला. सरकारी बंदीवर भिस्त ठेवून घरचा प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वयाचा आकडा पाहावा. ब्रिटनमध्ये २०१२ सालापासून बारा, सोळा किंवा अठरा असा आकडा असलेला खेळ त्याहून लहान मुलाला विकणे हा गुन्हा आहे. मोबाईलवर खेळ उतरवून घेतो तिथेही असा आकडा दिलेला असतो. अठराचा खेळ दहा वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नये, यात मतभेद नसावा.

दुसरी गोष्ट, बोलायचे ते डाव सुरू होण्यापूर्वी बोलावे. आई हाक मारते, "ये रे जेवायला," आणि मुलगा म्हणतो, "थांब गं, डाव चाललाय." हा दर वेळी उद्धटपणा नसतो. सोबत्यांबरोबरचा डाव मध्येच थांबवता येत नाही. हा उठला तर बाकीचे गडी उघडे पडतात. पबजीसारखा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. म्हणून आधी विचारावे, "डाव किती वेळाचा? किती डाव खेळणार?" आकडा ठरला की तो मुलानेही पाळावा आणि आपणही. मास्तरांनी वर्गात हा विषय रागाने न काढता कुतूहलाने काढावा. मुले खेळाचे नियम फार छान समजावून सांगतात. सांगता सांगता आपण किती वेळ बसतो, याचा हिशेबही त्यांच्या तोंडून येतो.

आणि तिसरी गोष्ट घासाची. सँडविच असो की चटणी-भाकरी, खुशाल हातावर घेऊन खावी. शेतात आपण खातोच. पण तेव्हा आपण औत थांबवून बांधावर टेकतो. बैलही विसावा घेतात. जेवताना काम थांबते, मग खेळ का थांबू नये? पडद्यावर डोळे लावून पोटात ढकललेल्या घासाची ना चव कळते, ना भूक भागल्याचे कळते. ताट वाढले की मोबाईल फळीवर ठेवावा. आणि हा नियम बापाच्या मोबाईललाही लागू असावा.

खेळायला बसलेला माणूस जेवायला उठू शकला, तर खेळ त्याच्या ताब्यात आहे. त्याला उठता येईना, तर मग हातात पत्ते असोत की मोबाईल, सारखेच.