रोजच्या कामात देवाचं काम

देवाचं काम कुठं दिसतं?
आम्हा ख्रिस्ती माणसांची श्रद्धा सांगते,
ते रोजच्या कामात दिसतं.

पुणे जिल्ह्यातलं केडगाव घ्या.
1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला.
समाजसुधारक पंडिता रमाबाई तिथं गेल्या.
निराधार मुलींना, विधवांना घेऊन आल्या.
त्यांच्यासाठी केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं.

तिथं प्रार्थना होती,
आणि कामही होतं.
कुणी माग चालवला.
कुणी शेती केली.
कुणी छापखान्यात खिळे जुळवले.
अंध मुली बोटांनी वाचायला शिकल्या.
रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणलं,
कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून.

ज्यांना कुणी नव्हतं,
त्या एकमेकींचा आधार झाल्या.
हेच देवाचं काम.
रोजच्या कामात दिसणारं.

आजही ते चालूच आहे.
आजारी शेजाऱ्याकडे डबा पोचतो.
मयताच्या घरी सगळी आळी धावते.
चर्चमधली एखादी ताई
मुलांचा अभ्यास घेते.

मंडळी, आज रात्री प्रार्थनेला बसाल,
तेव्हा एवढं करा.
आज कुणी कुणाला हात दिला, ते आठवा.
त्या माणसासाठी देवाचे आभार माना.
आणि उद्या भेटून
त्यालाही तसं सांगा.